आरोग्य कराचा पाठ

ग्रामपंचायतीच्या वसुलीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे निरनिराळे रकाने असतात. त्यांपैकी ‘आरोग्य कर’ ह्या रकान्याचा अर्थ गावात कोणासही विचारून पाहावा. बहुधा ‘दवाखान्याचा असेल’ असेच उत्तर मिळते. वस्तुतः हा कर औषधपाण्याचा नव्हे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ अन्वये पंचायतीस जे कर व फी बसविता येतात, त्यांत सार्वजनिक शौचालये बांधणे व राखणे आणि केरकचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणे ह्यांसाठी सामान्य स्वच्छता उपकराची तरतूद केलेली आहे. म्हणजे ज्याला आज शहरांतून मोठ्या थाटाने ‘पर्यावरण कर’ म्हटले जाते, त्याचे एक साधे रूप आपल्या गावच्या पावतीवर पूर्वीपासूनच छापलेले आहे. ते कोणी वाचत नाही, एवढेच.

इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांस हा विषय परिसर अभ्यास, नागरिकशास्त्र व गणित ह्यांच्या समवायाने कसा शिकविता येईल, ह्याचा विचार पुढे केला आहे. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा भाग येतोच. तेथे करांची नावे पाठ करवून घेऊन पुढे जाण्याची प्रथा आहे. नावे पाठ होतात आणि विषय संपतो. परंतु कर हा पाठांतराचा विषय नव्हे. तो हिशेबाचा व न्यायाचा विषय आहे, आणि हिशेब व न्याय ह्या दोन्ही गोष्टी दहा वर्षांच्या मुलास मोठ्या माणसांच्या समजुतीपेक्षा पुष्कळच लवकर कळतात.

आरंभ शब्दांपासून करावा. आपल्याकडे घरोघर एकच शब्द चालतो : पट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी, लोकवर्गणी काढली तर तीही पट्टीच. ह्या एका शब्दाने चार भिन्न गोष्टी झाकल्या जातात. ‘कर’ हा सर्वांनी मिळून सर्वांच्या कामासाठी द्यावयाचा पैसा होय. दिलेल्या रुपयाच्या बदल्यात मला स्वतःला काय मिळाले, असा सरळ हिशेब त्यात मागता येत नाही. ‘फी’ मात्र सेवेच्या मोबदल्यात असते. आठवडी बाजारात दुकान मांडणाऱ्यास पंचायत जी पावती फाडून देते ती फी. दुकान मांडले नाही तर ती नाही. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच स्पष्ट केलेला आहे. ‘उपकर’ हा कराचाच प्रकार, पण विशिष्ट कामासाठी घेतलेला. शिक्षकांस ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. आपल्या प्राप्तिकराच्या हिशेबात ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर दिसतो तो हाच. आणि चौथा ‘दंड’. दंड हा नियम मोडल्याबद्दल. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरला. दंड भरणारा मनुष्य चुकलेला असतो, कर भरणारा नसतो. ही शेवटची गोष्ट मुलांकडून पक्की करून घ्यावी, कारण ‘आम्ही कर भरतो, मग कचरा कुठेही टाकू’ असा तर्क करणारे लोक सुशिक्षितांतही आढळतात. ‘पर्यावरण कर’ हे शब्द मुलांच्या कानावर पडलेच असतील तर ते जुन्या मोटारसायकलीच्या कागदांमुळे. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी वाहनाची नोंदणी पुढे चालू ठेवताना हा कर घेतला जातो. धूर करणाऱ्याने धुराचा खर्च उचलावा, हे त्यामागील तत्त्व. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यांत हेच तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले.

आता प्रश्न असा निघतो की पूर्वी खेड्यांत असा कर नव्हता, तरी गाव चालतच होते. मग आज तो कशाला? ह्याचे उत्तर शिक्षकाने दोन भागांत द्यावे, आणि दोन्ही भाग द्यावेत. पहिला भाग सोपा आहे. जुन्या घरातील कचरा म्हणजे राख, शेण, पाचोळा, कडब्याचे धसकट, भाजीचे देठ. त्याची जागा उकिरडा, आणि उकिरड्याची वाट शेताकडे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आपण म्हणतो. खरे तर चांगल्या उकिरड्याची दैना वर्षभरात, मृगाच्या आधी बैलगाडी भरली की फिटत असे. आजच्या उकिरड्यात गुटख्याच्या पुड्या, वेफर्सच्या पिशव्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या, औषधांच्या बाटल्या येऊन पडतात. त्यांची दैना बारा वर्षांनीही फिटत नाही. ते खत शेतात घातले तर प्लॅस्टिक नांगराच्या फाळाला लागते आणि रानात चरणाऱ्या गाईच्या पोटात जाते.

दुसरा भाग सांगावयास कठीण आहे व म्हणूनच तो टाळला जातो. गाव झाडण्याचे, मेलेली गुरे ओढण्याचे, घाण उपसण्याचे काम पूर्वी फुकट होत नव्हते. त्याची किंमत गावाने न देता जन्माने ठरविलेल्या काही कुटुंबांवर लादलेली होती. वाट्याला येई ते अल्पसे बलुते, शिळी भाकर, आणि अस्पृश्यता. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली संसदेस कायदे करावे लागले, ह्यावरून ती किती चिवट होती हे दिसेल. स्वच्छतेसाठी कर द्यावयाचा आणि त्यातून काम करणाऱ्यास रोख वेतन, हातमोजे, गमबूट द्यावयाचे, ह्याचा अर्थ एवढाच की जे काम सक्तीने होत होते ते आता मजुरीने होते. हा भाग शिकविताना वर्गातील कोणत्याही मुलाकडे नजर वळता कामा नये, कोणत्याही जातीचे नाव घेण्याचे कारण नाही. ‘काही कुटुंबांवर’ एवढे शब्द पुरे आहेत. श्री संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच हाती खराटा घेत, ही गोष्ट येथे सांगावी. कोणाच्याही सक्तीवाचून त्यांनी तो घेतला होता, ही तीमधली महत्त्वाची बाब आहे. त्यांच्याच नावाने राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान चालू झाले.

कराचा पैसा गोळा झाला नाही, किंवा झाला पण त्या कामी लागला नाही, तर काय घडते ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच, जालन्याहून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, ह्या शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षे नारेगावच्या आगारात टाकला जात होता. ओला नाही, सुका नाही, सगळा एकत्र. त्याचे डोंगर झाले. भोवतालच्या नारेगाव, मांडकी आदी गावांतील विहिरींचे पाणी, शेते व हवा ह्यांनी त्याचा भार सोसला. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरात रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले. नव्या जागा शोधण्यात आल्या तेव्हा तेथील लोकांनीही विरोध केला, आणि ७ मार्च रोजी मिटमिटा येथे दगडफेक व लाठीमार होण्यापर्यंत प्रकरण गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. त्यानंतर शहराने निरनिराळ्या ठिकाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले.

ही हकीकत पाचवी-सहावीच्या मुलांस सांगून एकच प्रश्न विचारावा : शहरातील लोकांनी तीस वर्षे कचऱ्याचा खरा खर्च दिला नव्हता, तर तो दिला कोणी? मुले क्षणभर थांबतात आणि मग ‘मांडकीच्या लोकांनी’ असे उत्तर येते. हे उत्तर आले की अर्धा पाठ झाला असे समजावे. पुढे हळूच विचारावे, की आपल्या गावचा कचरा कोणाच्या बांधावर पडतो? ओढ्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात कोठे जाते? भोकरदन-जाफराबादकडील मुले पूर्णेचे नाव घेतील, बदनापूर-परतूरची दुधनेचे, घनसावंगी-अंबडच्या दक्षिणेकडील मुले थेट गोदावरीचे. जालना शहराजवळच्या शाळांतील मुलांनी कुंडलिका पाहिलेली असते, त्यांना सांगावे लागत नाही.

आता गणित. ह्यासाठी एक आठवडाभर मुलांनी आपापल्या घरचा कचरा ओला व सुका असा दोन जागी ठेवून ताणकाट्याने वजन करावे व तक्ता भरावा. ताणकाटा नसेल तर किराणा दुकानदाराकडून तराजू मागून आणावा. गावातील दुकानदार शाळेस नाही म्हणत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने काचा, औषधे, लहान मुलांचे लंगोट ह्यांस मुलांनी हात लावू नये, ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी. तक्ते आले की सरासरी काढावी. आपल्या गावचे आकडे आपल्या गावचेच असावेत. येथे केवळ रीत दाखविण्यासाठी काही आकडे गृहीत धरतो.

समजा गावात ३०० घरे व १,५०० माणसे आहेत. घरामागे रोज १ किलो कचरा, म्हणजे गावाचा ३०० किलो. त्यापैकी दोन तृतीयांश ओला धरला तर २०० किलो ओला व १०० किलो सुका. गाडी, तिची दुरुस्ती, डिझेल व काम करणाऱ्यांचे वेतन मिळून महिन्यास १८,००० रुपये खर्च धरू. ३०० घरांत वाटला तर घरामागे महिना ६० रुपये, रोजचे २ रुपये. आता १०० घरांनी दिले नाहीत, तर खर्च कमी होत नाही. उरलेल्या २०० घरांवर तो ९० रुपयांनी पडतो. देणाऱ्याच्या डोक्यावर न देणाऱ्याचे ३० रुपये चढतात. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि काही बोलू नये. पुढे, ओला कचरा प्रत्येक घराने परसातील खड्ड्यात जिरविला तर गाडीस ३०० ऐवजी १०० किलोच न्यावयाचा राहतो, गाडी रोज न येता एक दिवसाआड आली तरी चालते. खर्च किती उतरेल? हे मुलांनीच काढावे. उत्तरे सारखी येणार नाहीत, कारण डिझेल निम्मे झाले तरी वेतन निम्मे होईलच असे नाही. ह्यावर वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा.

येथे एखादा चौकस मुलगा विचारील की शासन पैसे देते ना? देते. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याच्या कामासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास माणशी ६० रुपयांपर्यंत व त्याहून मोठ्या गावास माणशी ४५ रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले, आणि त्यातील काही हिस्सा पंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालावयाचा होता. आपल्या गृहीत गावास ते होतात ९०,००० रुपये. खड्डे बांधावयास, पेट्या व हातगाडी घ्यावयास ते उपयोगी. पण महिना १८,००० रुपयांच्या खर्चाला ते किती दिवस पुरतील? पाच महिने. सहाव्या महिन्यात गाडी उभी राहते आणि तिच्यात पावसाचे पाणी साचते. अशा गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अनुदानाने वस्तू येते. ती चालते करावर.

गणितानंतर मुलांनी घरची जुनी पावती पाहून आरोग्य कराच्या रकान्यातील वर्षाचा आकडा १२ ने भागावा व काढलेल्या खर्चाशी ताडून पाहावा. तफावत दिसली तर ती कोठून भरून निघते, अथवा निघत नाही, हे पंचायतीकडून समजावून घ्यावे. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, ह्यांस एक तासासाठी शाळेत बोलवावे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही मागणीची व नमुना १० ही पावती, ही त्रयी त्यांनी कोऱ्या कागदांवर दाखवावी. कोऱ्याच कागदांवर दाखवावी, हे मी आग्रहाने लिहितो. भरलेली नोंदवही वर्गात उघडली की थकबाकीदारांची नावे दिसतात, आणि ती नावे कोणाच्या तरी वडिलांची असतात.

ह्या पाठात सर्वांत जपण्याची जागा हीच आहे. मुलास घरी पाठवून ‘बाबा, कर भरा’ असे म्हणावयास लावणे, ज्यांच्या घरची पावती आली त्यांच्यासाठी टाळ्या वाजविणे, पावती न आणणाऱ्यांस उभे करणे हे सर्व वर्ज्य समजावे. कापूस हातचा गेला, मोसंबीची बाग वाळली, त्या वर्षी घरपट्टी राहते. ती बापाच्या बेफिकिरीने राहिली की हतबलतेने, हे शाळेस कळत नाही व कळण्याचे कारणही नाही. शाळा वसुलीचे खाते नव्हे. पावती आणता आली नाही तर मुलाने कोऱ्या नमुन्यावर काम करावे, आणि अशी मुले वेगळी दिसू नयेत म्हणून शिक्षकाने वर्गासाठी दहा-पंधरा कोरे नमुने आधीच करून ठेवावेत. मोठ्या माणसांस कायदा पुरेसा आहे. बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न देणारा मनुष्य पंचायतीचा सभासद राहण्यास अपात्र ठरतो, ही तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. सातवीच्या मुलांस ती सांगावी. तिच्यामागील न्याय त्यांस चटकन पटतो.

दुसरा अडचणीचा प्रश्न उलट बाजूने येतो. भोकरदन तालुक्यातील एका शाळेत पाठ चालू असता मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, आमच्या वस्तीवर गाडी येतच नाही, मग आम्ही पट्टी कशाची देतो?” गुरुजी माझ्याकडे पाहू लागले. असा प्रश्न आला की तो दाबू नये, व पंचायतीची बाजूही सावरून धरू नये. कर व फी ह्यांतील भेद येथेच उपयोगी पडतो. गाडी आली नाही म्हणून कर टळत नाही, हे खरे. पण कर दिला म्हणून गाडीचा जाब विचारण्याचा अधिकार मिळतो, हेही तितकेच खरे, आणि तो विचारण्याची जागा ग्रामसभा ही होय. त्या मुलीस ग्रामसभेस देण्याचा अर्ज लिहावयास शिकविणे हा भाषेचाही पाठ झाला. त्या दिवशी तो फळ्यावर लिहिला गेला, आणि पत्रलेखनाचे गुण त्यालाच मिळाले.

लोकांस कर पटावा म्हणून काय करता येते, ह्याचे उदाहरण संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने घालून दिले. तेथील माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील ह्यांच्या कारकिर्दीत पंचायतीचा सर्व कर भरणाऱ्या कुटुंबास पिठाच्या गिरणीत दळण मोफत मिळू लागले. कर भरला तर काय मिळते, हे रोजच्या डब्यातील पिठात दिसू लागल्यावर वसुलीसाठी दारोदार फिरण्याची गरज उरली नाही. दळणाची सवलत सर्व गावांस जमेलच असे नाही. परंतु कर दिल्याचे काहीतरी डोळ्यांना दिसले पाहिजे, एवढे त्यातून घेता येईल.

परदेशांत ह्याहून निराळ्या रीती आहेत. डेन्मार्कने १९८७ साली व ब्रिटनने १९९६ साली कचरा पुरण्यावरच वजनाप्रमाणे कर बसविला. ब्रिटनचा आरंभीचा दर टनास ७ पौंड होता. पुरणे महाग झाले की निवडणे परवडू लागते, हा त्यातील हिशेब. आयर्लंडने २००२ साली दुकानातील प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंट बसविले आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मुलांस सर्वाधिक आवडते ती दक्षिण कोरियाची रीत. तेथे १९९५ पासून घरचा कचरा ठराविक विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो. जितका कचरा अधिक तितक्या पिशव्या अधिक, तितका पैसा अधिक. आपल्या घरपट्टीत काटकसरी घरास व उधळ्या घरास आरोग्य कर सारखाच पडू शकतो. कोरियाची रीत आपल्या गावात चालेल काय, असा वादविवाद सातवीत घेण्यास हरकत नाही. मला स्वतःला ती येथे चालेलशी वाटत नाही. पिशवीचा पैसा वाचविण्यासाठी लोक रात्री ओढ्याकडे जातील. पण मुलांची मते ऐकावीत.

पुण्याचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. तेथे १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. घरोघरचा कचरा गोळा करून त्याचे शुल्क त्या भगिनी थेट त्या घरांकडून घेऊ लागल्या. कर, फी व मजुरी ह्या तिन्ही कल्पना येथे एका दारात भेटतात.

सर्वांत शेवटी शाळेचा स्वतःचा कचरा. पोषण आहाराचे खरकटे, पेन्सिलीचा भुसा, वह्यांचे कागद, वाढदिवसाच्या चॉकलेटांचे कागद. शनिवारी सकाळी हे सर्व एका कोपऱ्यात लोटून काडी लावण्याची प्रथा पुष्कळ शाळांत आहे, आणि मुले ते काम उत्साहाने करतात. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांत मनाई करण्यात आली व त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यास ५,००० रुपये दंड सांगितला. कराचा पाठ देणाऱ्या शाळेच्या आवारातून धूर निघू नये. खरकट्यासाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरेतो दुसरा कुजतो. सुका कागद रद्दीवाल्यास द्यावा आणि त्याचे पैसे शाळेच्या वहीत मुलांच्या हातून जमा करावेत. ‘तुम्ही कुठे कर भरता, गुरुजी?’ असेही मुले विचारतील. जालना शहरात राहून येणाऱ्या शिक्षकांनी आपली घरपट्टीची पावती जवळ ठेवलेली बरी.

द्विशिक्षकी शाळांत तिसरी-चौथीने वजन करावे व पाचवीने सरासरी काढावी, म्हणजे वर्ग एकत्र बसवून तीन तासिकांत काम होते. वजनाचा आठवडा सणाचा किंवा राजूरच्या यात्रेचा निवडू नये, त्या दिवसांत कचरा नेहमीचा नसतो. तक्ते २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी तयार झाले तर सरपंचांची संमती घेऊन ते पंचायतीच्या भिंतीवर लावावेत; त्यावर घरांची नावे नसावीत, केवळ गल्लीचे एकूण वजन असावे. मूळ तक्ते मुख्याध्यापकांनी जपून ठेवावेत. पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा वजन केल्यावर त्यांचाच उपयोग होणार आहे.